एका सुताचे मायक्रॉन

साकीनाक्याच्या गाळ्यात मी मे महिन्यातही
स्वेटर घालून बसायचो.
बाहेर डांबर मऊ, आत काटा विसावर.
पोलादालाही ताप चढतो, वालावलकर मिस्त्री सांगायचे,
शंभर मिलिमीटरचा गेज दोन मिनिटं मुठीत धर,
मायक्रॉन, दोन मायक्रॉन
खोटं बोलायला लागतो.

मिस्त्री सुताच्या हिशेबातले.
इंचाचे आठ भाग, त्यातलं एक सूत.
अर्धं सूत घे. सूतभर सोड.
मी नवा, डिप्लोमाचा. खडूनं मांडून दाखवलं:
एक सूत म्हणजे तीन दशांश एक सात पाच मिलिमीटर,
म्हणजे तीन हजार एकशे पंचाहत्तर मायक्रॉन,
म्हणजे एकतीस लाख पंचाहत्तर हजार नॅनोमीटर.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
'सुतावरून स्वर्ग तो हाच काय रे?
माप बारीक केलंस, आकडा फुगला.
सूत होतं तेवढंच आहे.'

एकदाच चुकलो.
चाळीस मायक्रॉनचे लिहिले शून्य दशांश चार.
मधलं एक शून्य राहिलं,
दोनशे बुश भंगारात.
मिस्त्री ओरडले नाहीत. त्यातला एक माझ्या हातावर ठेवला.
'शून्याला किंमत नसते म्हणतात. पण ते जागा धरतं.
मुंबईत राहतोस,
जागा धरून ठेवण्याची किंमत तुला मी सांगू?'
तो बुश अजून आमच्या विजेच्या बिलांवर बसलेला असतो.

मग हेमांगीला सिग्नलचा एक दिवा तीन दिसायला लागला.
परळच्या डॉक्टरीणबाई पडद्यावर बघत म्हणाल्या,
'बुबुळावरची काच पातळ होतेय. चारशे बासष्ट.'
बायको म्हणाली, 'चारशे म्हणजे बरेच आहेत की.'
कशाचे चारशे, हे त्या खोलीत
त्यांच्याखेरीज मलाच कळलं होतं.
अर्धा मिलिमीटरही नाही.
चारशेच्या खाली गेलं तर उपाय अवघड, असंही म्हणाल्या.
म्हणजे हातात बासष्ट.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात सगळे जेवायला गेल्यावर
मी डोक्यावरचा एक केस उपटला, पांढरा,
आणि मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला.
एकसष्ट.
केसभर अंतर म्हणतात ते
मी आयुष्यात पहिल्यांदा मोजलं.

आम्ही बसनं घरी येत होतो त्या दिवशी,
तिकिटाच्या मागे मी तिला मांडून दिलं होतं:
हे बघ, चार लाख बासष्ट हजार नॅनोमीटर.
ॲंगस्ट्रॉममध्ये छेचाळीस लाख वीस हजार.
पिकोमीटर धरलेस तर सेहेचाळीस कोटी वीस लाख,
एवढी श्रीमंत मुलगी आपल्या सबंध बिल्डिंगीत नाही.
ती हसली. तिकीट दुमडून पर्समध्ये टाकलं.
'बाबा, कोटी झाले तरी दिवे तीनच आहेत.'
मिस्त्री असते तर तिला कामावर घेतलं असतं.

सहा महिन्यांनी चारशे एकोणसाठ.
'तीन कमी झाले,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
'पण घाबरू नका, यंत्राचाही तेवढा फरक पडतो.'
मला सांगत होत्या!
प्रत्येक दाखल्यावर, आकड्याच्या पुढे
अधिक-उणे काढून सही ठोकली मी, एकतीस वर्षं.
ते चिन्ह बाहेरून काढायचं असतं.
त्याच्या आत उभं राहून
गिऱ्हाईक काय करतं, कधी विचारलं नव्हतं.

खाली उतरलो. संध्याकाळ. नाक्यावर लाल लागलेला.
मी तिच्याकडे बघितलं नाही, दिव्याकडेही नाही,
बुटाची नाडी बांधत राहिलो.
तीच म्हणाली,
'आज अडीच.'